आधी काच, मग आकडा : शिकारीसाठीच्या अंतरमापक दुर्बिणींचा आढावा

रॉकी पर्वताच्या उतारांवर एल्कच्या मागावर निघालेल्या शिकाऱ्याचा दिवस रायफलीपेक्षा दुर्बिणीसोबत जास्त जातो. उजाडण्यापूर्वी एखादा दांड गाठायचा, वाऱ्याचा अंदाज घेऊन बसायचं आणि समोरचा डोंगर पट्ट्यापट्ट्याने न्याहाळायचा, ही तिथली रीत. तासन्‌तास काही दिसत नाही. मग झाडीच्या कडेने एक पिवळट पाठ सरकते आणि लगेच प्रश्न उभा राहतो : किती लांब? उंचावरची निवळ हवा, मधे खोल घळ, जवळपास ओळखीच्या मापाची एकही वस्तू नाही. अशा जागी सरावलेला डोळाही फसतो. घळीपलीकडचं जनावर असतं त्याहून जवळ वाटतं; दिवेलागणीच्या अंधूक उजेडात तेच लांब वाटतं.

पाहता पाहता या प्रश्नाचं उत्तर देणारं साधन म्हणजे अंतरमापक दुर्बीण. दोन डोळ्यांची दुर्बीण आणि लेसर रेंजफाइंडर एकाच सांगाड्यात बसवलेला असतो. बटण दाबलं की दृश्याच्या मधोमध अंतराचा आकडा उमटतो. आज बाजारात अशा दुर्बिणी अनेक आहेत, किमतींमध्ये तिपटी-चौपटीचा फरक आहे आणि प्रत्येकीच्या खोक्यावर मोठमोठे आकडे आहेत. कोणती घ्यावी, कशासाठी घ्यावी आणि मुळात घ्यावी का, या प्रश्नांचा हा आढावा आहे. भारतात शिकारीला बंदी आहे. त्यामुळे चर्चा मुख्यतः अमेरिकेचा पश्चिम भाग आणि युरोप इथली आहे. आपल्या जंगलांशी या साधनाचं जे नातं आहे, ते पुढे येईल.

माझं मत आधीच मांडून ठेवायला हवं. ही खरेदी बहुतेक जण उलट्या टोकाकडून करतात. आधी सर्वांत लांबचा पल्ला पाहतात, मग आतलं गणित आणि सरतेशेवटी काच. क्रम याच्या बरोबर उलट असला पाहिजे. आणि अंतराच्या आकड्याचा सर्वांत मोलाचा उपयोग म्हणजे कुठे थांबायचं ते कळणं.

एका आकड्याचं मोल

रायफलीची गोळी नळीतून सुटल्या क्षणापासून खाली पडू लागते. अमेरिकेत पिढ्यान्‌पिढ्या वापरात असलेलं थर्टी-ऑट-सिक्स हे काडतूस घेऊ. १८० ग्रेन वजनाची नेहमीची गोळी आणि २०० यार्डांवर, म्हणजे सुमारे १८३ मीटरवर जुळवलेला नेम. ही गोळी ३०० यार्डांवर नेमाच्या रेषेखाली साधारण २० सेंटीमीटर, ४०० यार्डांवर ६० सेंटीमीटर आणि ५०० यार्डांवर १२० सेंटीमीटरच्या आसपास उतरते. हरणाची वर्माची जागा, म्हणजे हृदय आणि फुप्फुसांचा भाग, जेमतेम २० ते २५ सेंटीमीटर रुंद असते. एल्कची त्याहून थोडी मोठी.

आता ४५० यार्डांवरचं जनावर शिकाऱ्याने ४०० यार्डांवर धरलं, तर गोळी पाव मीटरहून जास्त खाली जाते. वर्मी लागण्याऐवजी ती पोटाखालून निघते किंवा पाय मोडते. जखमी जनावर मग रात्रभर कुठेतरी पडून राहतं. अंतर मोजण्याचं नैतिक मोल इथे आहे.

याच आकड्यांतून दुसरी गोष्टही कळते. २०० यार्डांच्या आत ही गोळी नेमाच्या रेषेपासून पाच-सहा सेंटीमीटरपलीकडे जातच नाही. तिथे अंतर १२० आहे की १७० हे कळून नेमात काही बदलत नाही. ४०० यार्डांवर एका यार्डाची चूक झाली, तर गोळी जेमतेम अर्धा सेंटीमीटर हलते. म्हणून एक यार्ड अचूक की अर्धा यार्ड अचूक, या जाहिरातींतल्या वादाला शिकारीत फारसा अर्थ नाही. कळीची चूक असते ती ४०-५० यार्डांची, आणि ती साध्यातला साधा लेसरही टाळतो.

धनुष्याचं गणित आणखी कडक आहे. सेकंदाला ८५ मीटर वेगाने जाणारा बाण ३० यार्डांना जुळवलेला असेल आणि जनावर ४० यार्डांवर असेल, तर तो २० ते २५ सेंटीमीटर खाली लागतो. दहा यार्डांच्या चुकीत वर्म पूर्णपणे सुटतं. म्हणून रायफलवाल्यांपेक्षा तिरंदाजांनाच अंतरमापकाची गरज जास्त आहे, आणि तीही अगदी जवळच्या अंतरांसाठी.

लेसरआधी आणि नंतर

अंतर मोजण्याची धडपड लेसरपेक्षा खूप जुनी. १८८८ मध्ये आर्चिबाल्ड बार आणि विल्यम स्ट्राउड या दोन प्राध्यापकांनी ब्रिटनमध्ये प्रकाशीय अंतरमापकाचं काम हाती घेतलं. पुढे ग्लासगोच्या त्यांच्या कंपनीचे अंतरमापक युद्धनौकांवर गेले. तत्त्व साध्या त्रिकोणाचं होतं : नळीच्या दोन टोकांतून दिसणाऱ्या दोन प्रतिमा एकमेकींवर जुळवायच्या आणि जुळवायला लागलेल्या कोनावरून अंतर काढायचं. टोकांमधलं अंतर जितकं जास्त तितकी अचूकता जास्त. त्यामुळे हे यंत्र खिशात मावणारं कधीच नव्हतं. शिकारी दुर्बिणीतल्या खुणांवर भागवत. जनावराची उंची माहीत असली, तर खुणांच्या मापावरून अंतर काढता येतं. पण हरणाची पाठ किती उंच हाच जिथे अंदाज, तिथे उत्तरही अंदाजपंचेच.

१९६० मध्ये थिओडोर मेमन यांनी कॅलिफोर्नियात पहिला लेसर पेटवला. अंतर मोजण्यासाठी लष्करांनी तो लवकरच उचलला. सामान्य ग्राहकापर्यंत यायला मात्र तीन दशकं लागली. १९९२ मध्ये लायकाने जिओविड ही लेसर अंतरमापक असलेली दुर्बीण आणली आणि शिकारीच्या बाजारात हा प्रकार रुजला. १९९० च्या दशकाच्या मध्यापासून बुशनेलसारख्या कंपन्यांनी एका डोळ्याने पाहायचे स्वस्त रेंजफाइंडर आणले आणि ते तिरंदाज व गोल्फ खेळणारे अशा दोघांच्याही खिशात गेले. ऑस्ट्रियाच्या स्वारोव्स्कीने २०११ मध्ये ईएल रेंज आणली आणि अव्वल दर्जाची काच व लेसर एकत्र नांदू शकतात हे दाखवलं. त्यानंतर सिग साउअर, व्होर्टेक्स, निकॉन, ल्युपोल्ड, मिओप्टा अशा अनेकांनी उडी घेतली. आज कंपन्यांची मोठी चढाओढ आहे ती आतल्या संगणकावर.

किरण जातो कसा, परततो कसा

बटण दाबलं की सेकंदाच्या काही अब्जांश भागाइतका छोटा, डोळ्याला न दिसणारा अवरक्त प्रकाशाचा ठोका बाहेर पडतो. तो जनावरावर आपटून विखुरतो, त्यातला अगदी थोडा अंश दुर्बिणीकडे परततो आणि जाण्या-येण्याच्या वेळेवरून अंतर निघतं. प्रकाश एका नॅनोसेकंदात ३० सेंटीमीटर जातो. ५०० मीटरवर जाऊन परत यायला त्याला सुमारे ३.३ मायक्रोसेकंद लागतात. एका मीटरचा फरक ओळखायचा तर घड्याळाला जेमतेम सात नॅनोसेकंदांचा फरक ओळखावा लागतो. एकाच ठोक्यावर विसंबता येत नाही; म्हणून यंत्र असे पुष्कळ ठोके पाठवतं आणि त्यांचा ताळा घेऊन आकडा दाखवतं.

शिकारीच्या बहुतेक साधनांत ९०५ नॅनोमीटर तरंगलांबीचा लेसर असतो, कारण त्याचे भाग स्वस्त आणि सिद्ध आहेत. काही महागड्या, प्रामुख्याने लष्करी साधनांत १५५० नॅनोमीटरचा लेसर असतो. तो डोळ्याच्या पडद्यापर्यंत पोहोचत नसल्याने जास्त ताकदीने सोडता येतो. ग्राहकांसाठीच्या दुर्बिणी क्लास १ म्हणजे नेहमीच्या वापरात डोळ्यांना सुरक्षित मानलेल्या वर्गात मोडतात.

हा किरण धाग्यासारखा सरळ राहत नाही, पुढे जाताना फाकतो. फाकण्याचं माप मिलिरेडियनमध्ये देतात. एक मिलिरेडियन म्हणजे १००० मीटरवर एक मीटर. दीड मिलिरेडियन फाकणारा किरण ६०० मीटरवर ९० सेंटीमीटर रुंद झालेला असतो. त्या रुंदीत जनावराबरोबर पुढचं गवत आणि मागचा खडकही येतो, आणि कधी कधी आकडा त्यांचा असतो. म्हणून चांगल्या दुर्बिणींत पहिल्या वस्तूचं की शेवटच्या वस्तूचं अंतर दाखवायचं, हे निवडता येतं. झुडपाआडच्या हरणासाठी शेवटचं आणि मोकळ्या कड्यावरच्या हरणासाठी पहिलं, असा ढोबळ नियम. धुकं आणि पाऊस किरण विखुरतात. भर दुपारचं ऊन परतीच्या क्षीण प्रकाशाला झाकून टाकतं. त्यामुळे एकच यंत्र संध्याकाळी लांबचं मोजतं आणि दुपारी कुरकुरतं.

खोक्यावरचा आकडा

आता कळीचा मुद्दा. खोक्यावर लिहिलेला पल्ला हा प्रकाश जोरात परतवणाऱ्या वस्तूसाठी असतो, उदाहरणार्थ रस्त्यावरची चकाकती पाटी. हरणाची केसाळ कातडी प्रकाश शोषते, आणि तिचा आकारही लहान. व्होर्टेक्सच्या फ्युरी एचडी ५००० या दुर्बिणीच्या नावातले ५००० यार्ड असेच चकाकत्या वस्तूसाठी आहेत. हरणासाठी कंपनी स्वतः १६०० यार्डांचा आकडा देते. म्हणजे एक तृतीयांशाहून कमी. यात फसवणूक नाही, पण खोक्यावर मोठ्या अक्षरांत पहिलाच आकडा असतो आणि गिऱ्हाईक त्याचीच तुलना करतं.

त्याहून मोठी गोष्ट अशी : १६०० यार्डही शिकारीच्या कामाचे नाहीत. फार थोडे शिकारी ४०० यार्डांवर वर्मी गोळी मारण्याइतके सरावलेले असतात. दुर्बिणीने ८०० यार्डांपर्यंत काळोखी, ओबडधोबड वस्तू भरवशाने मोजली, तर ती पुरेशी आहे. ‘भरवशाने’ हा शब्द महत्त्वाचा. दहा वेळा बटण दाबल्यावर दहा वेळा आकडा येणारी १५०० यार्डांची दुर्बीण, सहा वेळा आकडा देणाऱ्या ५००० यार्डांच्या दुर्बिणीपेक्षा केव्हाही सरस.

काच : जिथे दिवस जातो

अंतर मोजायला दोन सेकंद लागतात. पाहायला सारा दिवस. दिवसभर काचेतून पाहून डोळे थकले, डोकं जड झालं, तर शिकारी पाहणंच थांबवतो आणि जनावर दिसतच नाही. न दिसलेल्या जनावराचं अंतर मोजायचं कसं? म्हणून काच पहिली.

लेसर आत बसवताना काचेला किंमत मोजावी लागते. पडद्याचा आकडा दृश्यात आणण्यासाठी प्रकाशाच्या वाटेत खास लेप दिलेलं प्रिझम घालावं लागतं. त्यात थोडा प्रकाश जातो आणि काही दुर्बिणींत रंगाची हलकी छटा येते. अव्वल कंपन्यांनी हा तोटा जवळपास संपवला आहे, मधल्या किमतीच्या दुर्बिणींत तो अजून जाणवतो. त्याच किमतीची साधी दुर्बीण काचेत नेहमी एक पायरी वर असते, कारण तिथे सगळा पैसा काचेवर गेलेला असतो.

दुर्बिणीवरचे ८×४२, १०×४२ हे आकडे वाचायला शिकणं गरजेचं आहे. पहिला आकडा किती पट मोठं दिसतं तो. दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दुसऱ्याला पहिल्याने भागलं की डोळ्यापर्यंत येणाऱ्या प्रकाशझोताची रुंदी मिळते : १०×४२ ला ४.२ मिलिमीटर, ८×४२ ला ५.२५, ८×५६ ला ७. तरुण डोळ्याची बाहुली अंधारात सात मिलिमीटरपर्यंत उघडते, वयाबरोबर ती पाचाकडे येते. हरणं बाहेर पडतात ती पहाटे आणि तिन्हीसांजेला, त्यामुळे हा हिशेब रोजचा आहे. दहापट दुर्बीण लांबचं स्पष्ट दाखवते, पण हाताचा कंपही दहापट करते. मोकळ्या डोंगरात ट्रायपॉडवर बसवली तर दहापट किंवा बारापट उत्तम. झाडीत चालताना आठपट.

वजनही पाहावं. साधी १०×४२ दुर्बीण साडेसहाशे ते साडेआठशे ग्रॅमची. लेसरवाली नऊशे ग्रॅम ते एक किलोच्या घरात. गळ्यातल्या पट्ट्यावर हा भार दुपारपर्यंत मानेला जाणवतो. छातीवर बांधायची झोळी घेतली तर तो खांद्यांवर वाटला जातो. चश्मा वापरणाऱ्याने डोळा भिंगापासून किती दूर ठेवूनही पूर्ण दृश्य दिसतं, हे तपासल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

दृश्यातला आकडा, कोन आणि गणित

आकडा दोन प्रकारांनी दिसतो : काळ्या अक्षरांत किंवा उजळणाऱ्या लाल-नारिंगी अक्षरांत. काळी अक्षरं दिवसा छान, पण काळोख्या झाडीवर ती दिसत नाहीत. उजळणारी अक्षरं कधीही दिसतात, मात्र त्यांची प्रखरता आपोआप किंवा हाताने कमी करता आली पाहिजे. तिन्हीसांजेला डोळे अंधाराला सरावलेले असताना दृश्याच्या मधोमध लाल आकडा भगभगला, तर त्यामागचं हरण दिसेनासं होतं.

डोंगरात दुसरा प्रश्न कोनाचा. गोळीच्या उतरण्याला मुख्यतः आडवं अंतर कारण असतं, तिरक्या रेषेतलं नव्हे. ३० अंशांच्या उतारावर ४०० यार्ड दिसणारं जनावर गणिताला ३४६ यार्डांवर असतं. वरचंच काडतूस घेऊन शिकाऱ्याने पूर्ण ४०० यार्डांचा नेम धरला, तर गोळी जवळपास पाव मीटर वर जाते. आल्प्समध्ये कड्यावरच्या शॅम्वाची शिकार करणाऱ्यांना हे पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. आज जवळजवळ प्रत्येक अंतरमापक दुर्बीण हा हिशेब स्वतः करून सुधारित अंतर दाखवते. मला विचाराल तर, अंतरानंतर दुसऱ्या कशासाठी पैसे द्यायचे असतील, तर ते यासाठी.

त्यापुढची पायरी म्हणजे पूर्ण बॅलिस्टिक गणित. सिग साउअरच्या किलो मालिकेतल्या, लायकाच्या जिओविड प्रो आणि व्होर्टेक्सच्या फ्युरी एबी अशा दुर्बिणींत अप्लाइड बॅलिस्टिक्स या कंपनीचा कार्यक्रम असतो. फोनवरून गोळीचा वेग, वजन, आकार भरायचा. हवेचा दाब आणि तापमान दुर्बीण स्वतः मोजते. मग ती अंतराबरोबर नेम किती वर धरायचा तेही सांगते. काम चोख आहे, पण भरलेली माहिती चोख असेल तरच. काडतुसाच्या खोक्यावर छापलेला वेग आपल्या रायफलीच्या नळीला लागू पडेलच असं नाही. मैदानावर प्रत्यक्ष गोळ्या झाडून ताळा केल्याशिवाय या गणितावर विसंबणं जनावराच्या जिवाशी खेळणं आहे.

आणि वारा? तो कोणतीही दुर्बीण मोजून देत नाही. तासाला १६ किलोमीटरचा आडवा वारा वरच्या गोळीला ४०० यार्डांवर ३० सेंटीमीटरच्या आसपास बाजूला नेतो. घळीच्या मधोमध वारा वेगळा, शिकाऱ्यापाशी वेगळा. शिवाय गोळीला तिथवर जायला अर्धा सेकंद लागतो, तेवढ्यात चालतं एल्क अर्ध्या मीटरहून जास्त पुढे गेलेलं असतं. अंतर कळलं म्हणजे सगळं कळलं, हा समज या साधनाने निर्माण केलेला सर्वांत मोठा धोका आहे.

एक की दोन?

अनेकांसाठी खरा निर्णय इथे आहे : एकत्रित दुर्बीण घ्यायची, की चांगली साधी दुर्बीण आणि खिशात दीड-दोनशे ग्रॅमचा वेगळा रेंजफाइंडर?

वेगळे घेण्याच्या बाजूने बरंच बोलता येतं. त्याच पैशात काच उत्तम मिळते. एक बिघडलं तरी दुसरं चालतं. लेसरचं तंत्र पाच-सात वर्षांत जुनं होतं, तर उत्तम काच पंचवीस वर्षं टिकते. दोन्ही वेगळे असले तर फक्त रेंजफाइंडर बदलता येतो. एकत्रित दुर्बिणीत इलेक्ट्रॉनिक्स मेलं की तेवढ्यासाठी सगळी दुर्बीण दुरुस्तीला जाते. हमीतही हा फरक दिसतो : अनेक कंपन्या काचेची हमी दीर्घकाळ देतात, इलेक्ट्रॉनिक्सची मोजकी वर्षं.

एकत्रित दुर्बिणीच्या बाजूने एकच मुद्दा आहे, पण तो वजनदार आहे. जनावर दिसतं तेव्हा ते दुर्बिणीत दिसतं. ती खाली ठेवून खिशातून दुसरं यंत्र काढायचं, त्याच्या छोट्या दृश्यात तेच झुडूप पुन्हा शोधायचं, एका हाताने थरथरतं यंत्र सावरायचं, यात दहा-पंधरा सेकंद जातात आणि हालचाल होते. हरणाचा डोळा हालचाल लगेच टिपतो. दोन हातांत धरलेली एकत्रित दुर्बीण जड असल्याने स्थिरही राहते, आणि लांबच्या छोट्या लक्ष्यावर किरण नेमका टाकण्यासाठी स्थिरपणाच सर्वांत उपयोगी.

म्हणून माझा कौल असा. मोकळ्या डोंगरात लांबून पाहणाऱ्या, वर्षातले बरेच दिवस रानात काढणाऱ्या माणसासाठी एकत्रित दुर्बीण योग्य. वर्षाकाठी एखाद्या आठवड्याची शिकार करणाऱ्याने आणि बेताच्या खिशाच्या नवख्याने चांगली काच आणि साधा रेंजफाइंडर वेगवेगळा घ्यावा.

बाजाराची उतरंड आणि रानाची निवड

ढोबळमानाने तीन पायऱ्या आहेत. हजार डॉलरच्या आसपासच्या दुर्बिणी अंतर व्यवस्थित मोजतात, कोनाचा हिशेबही करतात, पण कडेची काच मऊ दिसते आणि संध्याकाळी वीस मिनिटं आधीच ‘दिवस मावळतो’. दीड-दोन हजारांच्या मधल्या पायरीवर व्होर्टेक्स, सिग साउअर, ल्युपोल्ड, मिओप्टा यांची गर्दी आहे. पैशाचा मोबदला सर्वांत जास्त इथेच मिळतो. तीन हजारांवर लायका, स्वारोव्स्की आणि झाइस. त्यांचा लेसर मधल्या पायरीपेक्षा फार लांब जातो असं नाही. जादा पैसे काचेचे, घडणीचे आणि शेवटच्या उजेडाचे असतात. लायकाच्या २०१३ च्या जिओविड एचडी-बीपासून आंद्रेआस पेर्गर यांच्या रचनेचं प्रिझम वापरात आलं. त्यामुळे या दुर्बिणींच्या नळ्या किंचित वाकड्या असतात, धरायला सोप्या पडतात.

रानानुसार गरज बदलते. वायोमिंगच्या गवताळ पठारावर प्रॉन्गहॉर्नसाठी किंवा कोलोरॅडोत एल्कसाठी १०×४२, ट्रायपॉड बसवण्याची सोय आणि कोनाचा हिशेब. पेनसिल्व्हेनियासारख्या दाट झाडीच्या राज्यात हरण शंभर यार्डांच्या आत दिसतं. तिथे हलकी साधी ८×४२ पुरते आणि लेसरची गरज रायफलवाल्याला जवळपास नाही. झाडावरच्या मचाणातून बाण मारणाऱ्याने सर्वांत जवळचं किती अंतर मोजता येतं ते पाहावं. आसपासच्या चार-पाच खुणांची अंतरं आधीच मोजून ठेवली की ऐन वेळी बटण दाबावंच लागत नाही. जर्मनीत उंच मचाणावरून रो डिअर किंवा रानडुकराची वाट पाहणारा शिकारी बहुधा २०० मीटरच्या आतच गोळी झाडतो. त्याला ८×५६ ची अंधारातली काच लेसरपेक्षा जास्त कामाची.

नियम आणि नीती

अमेरिकेत प्रत्येक राज्याचे शिकारीचे नियम वेगळे. आयडाहोमध्ये रायफलीवर किंवा तिच्या दुर्बिणीवर इलेक्ट्रॉनिक साधन बसवायला मनाई आहे, उजळणाऱ्या खुणेपुरती सूट सोडली तर. हातात धरायची अंतरमापक दुर्बीण मात्र वेगळी मानली जाते. धनुष्याने केलेल्या शिकारीच्या नोंदी ठेवणारा पोप अँड यंग क्लबही धनुष्यावर बसवलेल्या अंतरमापकाला मान्यता देत नाही. या नियमांमागे जुना विचार आहे. १८८७ मध्ये थिओडोर रूझवेल्ट यांनी स्थापन केलेल्या बून अँड क्रॉकेट क्लबने ‘फेअर चेस’ची कल्पना रुजवली : मोकळ्या जनावराला निसटण्याची खरी संधी असली पाहिजे, माणसाला अवाजवी फायदा मिळता कामा नये.

साधनं जसजशी सुधारतात तसतसा हा विचार ताणला जातो. ७०० यार्डांवरून गोळी झाडणाऱ्यासमोर जनावराचं नाक, कान, डोळे सगळे निरुपयोगी ठरतात. कायदा यातलं सगळं सांगू शकत नाही. प्रत्येकाने मैदानावर सराव करून स्वतःची मर्यादा ठरवावी : ज्या अंतरावर, रानात बसतो तशा बैठकीतून, दहापैकी दहा गोळ्या वर्माच्या मापात बसतात ते अंतर. कुणासाठी ते २०० यार्ड असेल, कुणासाठी ३५०. मग रानात दुर्बिणीने ३९० दाखवलं, की निर्णय झालेला असतो : एक तर जवळ सरकायचं, नाही तर सोडून द्यायचं. डोळ्याने ते ३२० वाटलं असतं आणि गोळी सुटली असती. चांगलं यंत्र माणसाला लांब मारायला शिकवतं, तसंच न मारायलाही शिकवतं. या दुसऱ्या गुणासाठी मी ते विकत घ्यायला सांगेन.

आपल्या जंगलात हेच साधन

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंधनं आली आणि १९९१ च्या दुरुस्तीनंतर परवान्याची शिकारही संपली. तरी लेसर अंतरमापक महाराष्ट्राच्या व्याघ्र प्रकल्पांत नेहमी दिसतो, तो मोजणाऱ्यांच्या हातात. वाघाचं भक्ष्य किती आहे हे काढण्यासाठी ठरलेल्या सरळ रेषांवरून चालतात. चितळ, सांबर, गवा दिसला की किती जनावरं, किती अंतरावर आणि रेषेपासून किती अंशांवर हे नोंदवतात. अंतर रेंजफाइंडरने, कोन होकायंत्राने. ६० मीटरवर ३० अंशांत दिसलेला चितळांचा कळप रेषेपासून ३० मीटरवर असतो. अशा नोंदींवरून दर चौरस किलोमीटरला किती जनावरं याचा अंदाज निघतो.

इथेही डोळा फसवतो. अंदाजाने लिहिणारा माणूस १०, २०, ५० असे गोल आकडे लिहितो. सगळी अंतरं २० टक्क्यांनी जास्त लिहिली गेली, तर जनावरांची घनता सुमारे सतरा टक्क्यांनी कमी निघते, आणि त्यावर वाघांचं नियोजन बेतलं जातं. ही चूक लेसर टाळतो. मात्र बांबूच्या बेटात किरण पानांवरच अडतो. तेव्हा जनावर जिथे उभं होतं तिथलं झाडाचं खोड मोजणं हा जाणत्यांचा उपाय. पहिली वस्तू की शेवटची, हा प्रश्न इथेही तोच. या कामासाठी एकत्रित दुर्बिणीची चैन गरजेची नाही. साधा रेंजफाइंडर आणि चांगली ८×४२ पुरेशी आहे.

घेण्याआधी

दुकानातल्या दिव्याखाली सगळ्याच काचा चांगल्या दिसतात. शक्य असेल तर संध्याकाळी, दोन-तीन दुर्बिणी शेजारी ठेवून, सावलीतल्या झाडीकडे पाहावं. मग आकाशाच्या पार्श्वभूमीवरचा विजेचा खांब शोधावा आणि दृश्यातली नेमाची खूण डावीकडून, उजवीकडून हळूहळू त्यावर आणावी. आकडा ज्या क्षणी उमटतो तिथे किरणाची खरी कड असते. खूण खांबावर असताना आकडा येत नसेल आणि बाजूला सरकवल्यावर येत असेल, तर किरण आणि खूण जुळलेली नाहीत. अशी दुर्बीण घेऊ नये. मळकट, काळपट वस्तू मोजून पाहावी. पांढरी भिंत कुणीही मोजतं. हातमोजे घालून बटण सापडतं का, थंडीत बॅटरी किती टिकते, दुसरी बॅटरी गावच्या दुकानात मिळते का, आणि बॅटरी संपली तरी दुर्बीण म्हणून ती पूर्ण चालते का, हे विचारावं.

एवढं झाल्यावर क्रम स्पष्ट होतो. आधी काच, कारण दिवस तिच्यातून जातो. मग भरवसा, म्हणजे मळकट वस्तूवर दर वेळी आकडा येणं. मग कोनाचा हिशेब. मग वजन आणि हमी. बॅलिस्टिक संगणक त्यानंतर, आणि तोही मैदानावर ताळा करायची तयारी असणाऱ्यालाच. खोक्यावरचा पल्ला सगळ्यांत शेवटी. शिल्लक पैसे काडतुसांवर आणि सरावावर घालवावेत. अंतर कळल्यावर गोळी झाडायची की नाही, हे ठरवणारा शिकारी सरावातूनच घडतो.